टॉवर पडला तर फोनच टॉवर होतील? सोसायटीच्या काकांना लांबलचक उत्तर

पावसाळा आला की हा मेसेज पुन्हा फिरू लागतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात पाणी शिरलं तेव्हा माझ्याकडे तो तीन ग्रुपांवरून आला होता. २०२१ च्या जुलैत चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेलं तेव्हा परत आला. परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तळमजल्यावरच्या काकांनी टाकला आणि खाली मला धरून विचारलं, ‘सर, तुमचाच विषय. खरं आहे का हो हे?’ मी नेटवर्क शिकवून पोट भरतो, त्यामुळे नुसता अंगठा दाखवून भागणार नव्हतं.

मेसेज मोठा आहे, मथितार्थ असा: मोबाईल टॉवरची मुळात गरजच नाही. प्रत्येक फोनात वायफाय आणि ब्लूटूथ आहे, तेव्हा फोन एकमेकांना जोडून ‘मोबाईल अ‍ॅड हॉक नेटवर्क’, म्हणजे मॅनेट, आपोआप उभं राहू शकतं. जितके फोन जास्त तितकं ते वेगवान. ‘क्यूओएस राउटिंग’ (क्वालिटी ऑफ सर्व्हिस, म्हणजे सेवेचा दर्जा पाहून वाट निवडणं) नावाचं तंत्र आणीबाणीच्या कॉलसाठी सगळ्यात चांगला रस्ता शोधून राखून ठेवतं, त्यामुळे व्हिडिओ कॉलही लागेल. हजारो शोधनिबंधांत हे सिद्ध झालंय, लष्कर वापरतंय, हाँगकाँगच्या पोरांनी करून दाखवलंय. आपल्याला मिळत नाही, कारण मोबाईल कंपन्यांचा धंदा बुडेल.

यातला जवळजवळ प्रत्येक शब्द कुठे ना कुठे खरा आहे, म्हणून तर मेसेज टिकून आहे. टॉवरविना, फिरत्या रेडिओंमधून पॅकेटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, पुढे ढकलायचं काम अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेनं १९७३ पासून सुरू केलं. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या आयईटीएफनं १९९७ मध्ये मॅनेटसाठी वेगळा गट बसवला. त्यातून २००३ मध्ये एओडीव्ही आणि ओएलएसआर हे दोन राउटिंग प्रोटोकॉल, म्हणजे वाट शोधायच्या नियमावल्या, आरएफसी (आयईटीएफचे छापील दस्तऐवज) म्हणून छापून आले. दोन्ही चालतात, मी स्वतः चालवलेत. पण पॅकेटाला रस्ता सापडणं वेगळं आणि त्या रस्त्यावर कॉल टिकेल अशी हमी मिळणं वेगळं. मेसेजनं या दोन गोष्टी एकाच वाक्यात कोंबल्या आहेत.

‘कंपन्या मुद्दाम होऊ देत नाहीत’

हे आधी उरकतो. फोनातल्या वायफाय चिपनं कोणाशी बोलायचं हे सिमकार्डवाली कंपनी ठरवत नाही, ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते. अँड्रॉइडनं वायफायचा अ‍ॅड हॉक मोड साध्या अ‍ॅपला कधी नीट उघडून दिलाच नाही. वायफाय डायरेक्ट दिलं, पण त्यात एक फोन गटाचा मालक होतो आणि बाकीचे त्याला चिकटतात. म्हणजे तोही एक छोटा टॉवरच झाला. आयफोनवर २०१३ पासून मल्टिपीअर कनेक्टिव्हिटी ही थेट जोडणीची सोय आहे, तीही जवळच्या मोजक्या फोनांपुरती. यामागचं मोठं कारण बॅटरी आहे. परक्याची पॅकेटं पुढे पाठवायची तर रेडिओ सतत जागा ठेवावा लागतो, आणि पुरात चार्जिंग कुठून आणायचं?

एक गुण मात्र मेसेजला द्यायला हवा. फोन-ते-फोन थेट बोलण्याची सोय एलटीईच्या, म्हणजे ४जीच्या, बाराव्या रिलीजपासून मानकात आहे, मुख्यतः पोलीस आणि अग्निशमन दलांचा विचार करून. आपल्या खिशातल्या फोनांपर्यंत ती जवळपास पोचलीच नाही, आणि त्यात धंद्याचं गणित अजिबात नव्हतं असं मी म्हणणार नाही.

‘जितके फोन जास्त, तितकं नेटवर्क वेगवान’

नेमकं उलट आहे, आणि खरी मेख इथेच आहे.

लहानपणचा कानगोष्टींचा खेळ आठवा. दहा जण रांगेत बसलेत, निरोप एकाकडून दुसऱ्याकडे जातोय. आता नियम बदला. कुजबुजायचं नाही, मोठ्यानं बोलायचं; आणि ऐकू येईल इतक्या अंतरात कोणी बोलत असेल तर बाकीच्यांनी तोंड मिटून बसायचं. पहिला दुसऱ्याला सांगतोय तोवर तिसरा आणि चौथा गप्प. दुसरा तिसऱ्याला सांगतोय तोवर पहिल्याला पुढचं वाक्य सुरू करता येत नाही. एकच निरोप प्रत्येक टप्प्यावर नव्यानं हवेत उच्चारला जातो आणि दर वेळी आजूबाजूचे सगळे थांबतात. वायफाय असंच चालतं. तार प्रत्येकाची स्वतंत्र असते, हवा सगळ्यांची मिळून एक असते.

एमआयटीतल्या एका गटानं २००१ मध्ये हे मोजून दाखवलं. नोडांची, म्हणजे जाळ्यातल्या एकेका यंत्राची, सरळ साखळी, एकच प्रवाह, दुसरं कोणी नाही. आदर्श वेळापत्रक लावलं तर लांब साखळीतून एका टप्प्याच्या वेगाचा चौथा हिस्सा मिळायला हवा; वायफायच्या खऱ्या नियमांनी मिळाला साधारण सातवा. त्याच्या आदल्याच वर्षी पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी त्याहून मोठा निष्कर्ष मांडला होता. कुमार आयआयटी मद्रासचे विद्यार्थी, तेव्हा इलिनॉय विद्यापीठात. त्यांचं म्हणणं असं की एका जागी बसलेल्या नोडांचं जाळं वाढत गेलं की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेग नोडांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत घटत जातो, आणि वर थोडा आणखी, लॉगरिदमच्या हिशेबानं. ढोबळमानानं, १०० नोड असतील तर दहावा हिस्सा, १०,००० असतील तर शंभरावा. राउटिंग कितीही हुशार लावा, ही उतरण तशीच राहते. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात किती फोन असतात याचा अंदाज प्रत्येकानं आपापला करावा.

आता कॉलचं बघू. साधा आवाज ६४ किलोबिटचा, तो वीस-वीस मिलिसेकंदांच्या तुकड्यांत जातो, एक तुकडा १६० बाइटचा. जुन्या ११ मेगाबिटच्या वायफायवर १६० बाइट हवेत टाकायला जेमतेम ०.१२ मिलिसेकंद लागतो. पण त्याआधी हवा मोकळी आहे का ते पाहत थांबायचं, मग चिठ्ठी टाकल्यासारखा यदृच्छ विलंब, मग प्रास्ताविक, मग पत्ते आणि शिक्के, शेवटी पलीकडून पोच. सगळं मिळून एक मिलिसेकंदाच्या आसपास जातं. म्हणजे पाकीट पोस्टकार्डाच्या आठपट जड. सेकंदाला ५० तुकडे जाताना आणि ५० येताना, म्हणजे एका कॉलनं हवेचा दहावा भाग खाल्ला. हाच कॉल एकमेकांच्या आवाक्यातल्या चार टप्प्यांतून न्यायचा तर चार दशांश. असा दुसरा कॉल आला की हवा जवळपास संपली, आणि तिसऱ्याला जागाच नाही. नवं वायफाय वेगवान आहे खरं, पण तो वेग मोठ्या पॅकेटांत दिसतो. आवाजाच्या चिमुकल्या तुकड्यांचा बराचसा वेळ आजही रांगेत उभं राहण्यात जातो.

याचं एक उदाहरण आपल्या दाराशी येऊन गेलंय. ‘एका मुलामागे एक लॅपटॉप’ मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये कर्जतजवळच्या खैराट गावात झाला. तो हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप झोपेत असतानाही शेजारच्याची पॅकेटं पुढे ढकलू शकेल अशी त्याची वायफाय चिप बनवली होती. आपल्या फॉरवर्डमधलं स्वप्न कारखान्यातून तयार होऊन आलं होतं म्हणा ना. कल्पना सुंदर होती. झाडाखाली चार-पाच मुलं बसली तर ती चालायची. दाटीवाटीच्या वर्गात मात्र लॅपटॉप एकमेकांना शोधण्याच्या हाका मारण्यातच हवा भरून टाकत, आणि मोठ्या शाळांना शेवटी साधे अ‍ॅक्सेस पॉइंट बसवायला सांगावं लागलं. पुढच्या एक्सओ-१.५ मध्ये ती मेशवाली चिप नव्हती.

‘क्यूओएस राउटिंग कॉलसाठी रस्ता राखून ठेवतं’

काकांना सगळ्यात आवडलेलं वाक्य हेच. ‘म्हणजे अँब्युलन्सला वाट काढून देतात तसं ना?’ असं त्यांनी विचारलं. हो, कल्पना तशीच आहे. साधं राउटिंग विचारतं, पलीकडे पोचायला वाट आहे का? क्यूओएस राउटिंग विचारतं, अशी वाट आहे का जिच्यावर इतकी रुंदी शिल्लक आहे, उशीर अमुक मर्यादेत राहील आणि पॅकेटं फार गळणार नाहीत? फोनवरच्या संभाषणासाठी आयटीयूची, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची, शिफारस एका दिशेला १५० मिलिसेकंदांच्या आत पोचण्याची आहे. त्यापुढे दोघंही एकदम बोलतात आणि दोघंही एकदम थांबतात.

तारेच्या इंटरनेटवर अशी जागा राखून ठेवायचा प्रोटोकॉल, आरएसव्हीपी, १९९७ मध्येच आला. तिथे राउटरला ठाऊक असतं की ही तार माझी, हिची क्षमता इतकी, त्यातली इतकी दिली, इतकी उरली. फिरत्या रेडिओत यातलं एकही वाक्य खरं ठरत नाही.

‘उरली किती?’ या प्रश्नाचंच बघा. नोडाला आपल्यापुरतं उत्तर माहीत असून उपयोग नाही, कारण तो बोलू लागला की त्याला ऐकूही न येणाऱ्या दूरच्या संभाषणाचा बट्ट्याबोळ होऊ शकतो. आमचे विद्यार्थी ज्या एनएस-२ या सिम्युलेशनच्या, म्हणजे संगणकावर जाळ्याची नक्कल करण्याच्या, सॉफ्टवेअरवर प्रोजेक्ट करतात, त्याच्या नेहमीच्या मांडणीत नीट ऐकू येण्याचं अंतर २५० मीटर आणि अडथळा होण्याचं ५५० मीटर. म्हणजे ज्यांच्याशी बोलता येत नाही अशा लोकांचीही परवानगी घ्यायची. शिवाय नवा कॉल स्वतःच स्वतःला अडवतो, कानगोष्टींसारखा, आणि वाट ठरायच्या आधी तो कुठे किती अडवेल हे सांगता येत नाही. रस्त्यावर अँब्युलन्स गेली तर शेजारच्या गल्लीतली रिक्षा थांबत नाही. इथे थांबते.

(परीक्षेत मुलं इथे हमखास लिहितात की दोन बेरजेच्या अटी एकत्र पाळणारा रस्ता शोधणं एनपी-कंप्लीट, म्हणजे मोठ्या जाळ्यात संगणकालाही फार जड, आहे. बरोबर आहे, कधीपासून माहीत आहे. पण पंधरा-वीस नोडांच्या जाळ्यात ती अडचण नसते. काही तरी ओळखीचं प्रमेय सापडलं की आपण खुश होतो, इतकंच.)

दुसरी अडचण जास्त रोखठोक आहे. वाट मोजून होईपर्यंत ती शिल्लक राहत नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर सहा जुने लॅपटॉप ओळीनं मांडले, त्यांची पॉवर पार खाली आणली, ओएलएसआर चालू केलं आणि दोन टोकांना दोन पोरं हेडफोन लावून बसवली. एका टप्प्यावर आवाज खणखणीत. तीन टप्प्यांवर ‘हॅलो, हॅलो, तुटतंय रे’. मग एकाला लॅपटॉप हातात घेऊन जिन्याकडे चालायला सांगितलं. कोपऱ्यावर वळला आणि शांतता. दुसरी वाट होती, मधला लॅपटॉप त्याला अगदी समोर दिसत होता. तरी कानात काही नाही. मी घड्याळाकडे बघतोय, सहा सेकंद झाले, सात झाले, आणि मग एकदम अर्धं वाक्य: ‘...तोय का माझा आवाज?’

ते सहा सेकंद योगायोगाचे नव्हते. ओएलएसआरच्या मूळ मापात दर दोन सेकंदांनी शेजाऱ्याला हाक मारायची आणि सहा सेकंद उत्तर आलं नाही तर शेजारी गेला असं समजायचं. एओडीव्हीत हाक सेकंदाला एक, आणि दोन चुकल्या की वाट तुटली. दोन सेकंद म्हणजे आवाजाची शंभर पॅकेटं खड्ड्यात, सहा म्हणजे तीनशे. मग हाका वाढवाव्यात? वाढवल्या की त्याच हवेत त्यांची गर्दी. पॅकेटाची पोच आली नाही तर लगेच वाट तुटली समजावं? तेही करतात. मग नुसती टक्कर झाली तरी प्रोटोकॉलला वाटतं शेजारी पळाला, तो नव्या वाटेसाठी सगळ्या जाळ्यात दवंडी पिटतो, आणि त्या दवंडीनं आणखी टकरी होतात. आमच्या कॉरिडॉरमध्ये एवढं सगळं एका माणसाच्या चालण्यानं झालं. पुरात तर सगळेच चालत असतात.

संशोधकांनी हमीचं बोलणंच टाळलंय, हे मेसेज लिहिणाऱ्यानं वाचलेलं दिसत नाही. १९९९ मध्ये शिगांग चेन आणि क्लारा नारस्टेट यांनी तिकिटांची युक्ती काढली. वाट शोधायला पाठवायच्या दूतांना मोजकीच तिकिटं द्यायची, म्हणजे शोधाच्या नादात जाळं तुंबत नाही, आणि अट कडक असेल तर दोन तिकिटं जास्त. मला ही युक्ती अजून आवडते. पण त्यांनीच स्पष्ट लिहिलंय की ही सेवा ‘सॉफ्ट’ आहे, मधले काही काळ असे जातील की ठरलेला दर्जा मिळणार नाही. एओडीव्हीला क्यूओएसची जोड देणारा मसुदाही आयईटीएफपुढे आला होता. तो आरएफसी झालाच नाही.

‘हजारो शोधनिबंधांत सिद्ध झालंय’

हजारो आहेत, हे कबूल. त्यांतले काही माझ्या हाताखालून गेलेत, म्हणून जरा अवघडत लिहितो. आपल्याकडे एमईच्या एका पिढीनं याच विषयावर डिग्री घेतली: एनएस-२, टीसीएलची फाइल, ऑकची स्क्रिप्ट, तीन आलेख, आणि ‘प्रस्तावित प्रोटोकॉल’ची रेघ कायम एओडीव्हीच्या वर. त्यात नोड सपाट मैदानावर कुठलाही बिंदू निवडून सरळ रेषेत चालतात. भिंती नाहीत, जिने नाहीत, २५० मीटरच्या आत ऐकू येतं, बाहेर येत नाही, मधलं ‘तुटतंय रे’ नाहीच. त्या यदृच्छ चालीतही घोळ होता. नोडांचा किमान वेग शून्य धरला तर सरासरी वेग कालांतरानं घसरत जातो, म्हणजे सिम्युलेशन जितकं लांबवाल तितकं जाळं स्थिर भासतं. हे २००३ मध्ये दाखवून दिलं गेलं, तोवर त्याच चालीवर कितीतरी आलेख छापून झाले होते. २००५ मध्ये तिघांनी याच विषयाच्या मोबिहॉक परिषदेतले १५१ निबंध तपासले. १०० पैकी १५ सुद्धा असे नव्हते की दुसऱ्याला तोच प्रयोग परत करता यावा.

याचा अर्थ सगळं खोटं असा नाही. पण सिम्युलेशनमध्ये चाललं म्हणजे चिपळूणमध्ये चालेल असं कोणी म्हटलं, तर त्याला आमच्या जिन्यावर पाठवा.

‘लष्कर वापरतं, हाँगकाँगनं करून दाखवलं’

लष्कर वापरतं, बरोबर. त्यांचे रेडिओ वॅटांत बोलतात, आपला फोन वॅटाच्या दशांशात. त्यांच्या लहरी राखीव, नोड मोजलेले, कोणाचा आवाज आधी हे हुद्द्यानं ठरलेलं. आणि असे बरेच रेडिओ ‘आधी ऐक, मग बोल’ हा वायफायचा नियम सोडून वेळेचे तुकडे वाटून घेतात: हा क्षण तुझा, तो माझा. आयआयटी कानपूरच्या गंगाकाठच्या प्रकल्पातही हाच धडा मिळाला. तिथे गावोगावी उंच मनोऱ्यांवर दिशादर्शी अँटेना लावून वायफाय कितीतरी किलोमीटर नेलं. त्यावर काम करणाऱ्या भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलु यांनी २००५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत वायफायची जुनी शिस्त काढून ठरल्या वेळी एका मनोऱ्यावरच्या सगळ्या अँटेनांनी मिळून पाठवायचं आणि ठरल्या वेळी मिळून ऐकायचं, अशी पाळी लावली. दोघं पुढे आयआयटी मुंबईत आले. म्हणजे दर्जाची हमी हवी तर ती वेळ वाटून घेण्यातून येते, रस्ता शोधणारा त्यात दुय्यम. आणि वेळ वाटायला कोण कुठे आहे हे ठाऊक लागतं. कॅटालोनियातलं गीफी किंवा जर्मनीतलं फ्रायफुंक ही नावाजलेली मेश जाळीही मुख्यतः छपरांवर ठोकून बसवलेली आहेत. छप्पर चालत नाही.

हाँगकाँगचं म्हणाल तर २०१४ मध्ये फायरचॅट आणि २०१९ मध्ये ब्रिजफाय ही टॉवरविना फोन-ते-फोन निरोप पाठवणारी अ‍ॅप्स आंदोलनातल्या लोकांनी धडाधड उतरवून घेतली. त्यावरून गेला तो मजकूर, फार तर फोटो. व्हिडिओ कॉल नव्हे. ब्रिजफायबद्दल तर २०२० मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवलं की त्यातले निरोप परक्याला वाचता येत होते आणि कोण कोणाशी बोलतंय याचा मागही काढता येत होता. आंदोलनात हे किती महागात पडू शकतं ते सांगायला नको.

एवढं वाचून काकांचा खालून प्रश्न आला, ‘म्हणजे पुरात काहीच उपयोग नाही?’ आहे. पण तो समजायला एसटी आठवायला हवी. आम्ही शिकायला बाहेरगावी होतो तेव्हा आई सकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे डबा द्यायची. गाडी कधी वेळेवर, कधी दोन तास उशिरा, कधी घाटात बंद पडली की डबा दुसऱ्या गाडीत चढवला जायचा. डबा पोचायचा. २००१-०२ मध्ये ग्रॉसग्लाउझर आणि त्से यांनी गणितानं हेच दाखवलं की नोड फिरते असतील आणि वाट पाहायची तयारी असेल, तर गुप्ता-कुमारची ती उतरण टाळता येते. निरोप हवेत टप्पे खात नेण्याऐवजी एकाच्या खिशात बसवायचा आणि तो माणूस चालत जवळ पोचला की उतरवून घ्यायचा. ‘आम्ही गच्चीवर आहोत, सहा जण, बाळ बरं आहे’ एवढा मजकूर असा तासाभरानं का होईना, पोचू शकतो. तसं अ‍ॅप फोनात पाणी चढायच्या आधी घालून ठेवावं लागेल, आणि शेजाऱ्याच्या फोनातही. आईशी बोलणं मात्र त्या डब्यातून कधी झालं नाही. त्यासाठी स्टँडसमोरच्या एसटीडी बूथवर जाऊन रांग लावावी लागायची.